‘पथेर पांचाली’ची ओढ इतक्या वर्षांनीही का टिकून आहे?

प्रश्न : खानापूरची शिक्षिका

सर्व वाचकांना नमस्कार. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, मराठी माध्यमाच्या एका शाळेत भाषा शिकवते. वाचनाची आवड असणारी आमच्याकडची काही मंडळी महिन्यातून एकदा एकत्र येतात आणि आधी ठरवलेल्या एका पुस्तकावर बोलतात. यंदाच्या पावसाळ्यासाठी आम्ही विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ मराठी अनुवादातून वाचली. १९२८-२९ मध्ये ‘विचित्रा’ या बंगाली मासिकातून क्रमशः आलेली आणि १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली ही कादंबरी निवृत्त गृहस्थांपासून नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींपर्यंत सगळ्यांनी मनापासून वाचली, आणि चर्चेच्या वेळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्यांनी ती तरुणपणी वाचली होती आणि ज्यांच्या हाती ती पहिल्यांदाच पडली होती, ते सगळे फिरून फिरून त्याच चार-पाच जागांपाशी येत होते. आईला न कळता तेल-मीठ लावून खाल्लेल्या कैऱ्या, बांबूच्या बनात लहानग्या अपूने एकट्याने लढलेले महाभारत, वडिलांचे बोट धरून नीलकंठ पक्षी पाहायला निघालेला अपू, आणि त्याची मोठी बहीण दुर्गा हिचा शेवटचा पाऊस.

कथानक मात्र कोणी सांगेना, कारण सांगण्याजोगे कथानक त्यात फारसे नाहीच. भिक्षुकी करणाऱ्या हरिहरचे दरिद्री कुटुंब निश्चिंदिपूर नावाच्या खेड्यात राहते, मुले रानात हिंडतात, नात्यातली एक म्हातारी मरते, मग मोठी मुलगी मरते, आणि उरलेली तिघे गाव सोडून काशीला जातात. एवढ्याशा ऐवजावर उभी असलेली ही कादंबरी आपल्यापासून इतक्या दूरच्या, नदीनाल्यांच्या सपाट मुलखातली असूनही आमच्या घाटमाथ्यावरच्या माणसांना इतकी आपली का वाटावी, हा माझा पहिला प्रश्न आहे. ‘निसर्गवर्णन सुंदर आहे’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. सुंदर वर्णनांची पुष्कळ पुस्तके आपण एकदा वाचून मिटून ठेवतो.

दुसरा प्रश्न शिक्षिका म्हणून आहे. ही कादंबरी आठवी-नववीच्या मुलांबरोबर वाचावी असे मनात आहे. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे पडले की झाडाझुडपांच्या लांबलचक वर्णनांना मुले कंटाळतील, तेव्हा निवडक प्रसंगच घ्यावेत. तसे पाहिले तर मूळ बंगालीतही मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली होती आणि तिची चित्रे सत्यजित राय यांनी काढली होती. शिवाय कुटुंब गाव सोडते तिथेच थांबावे की काशीचा भागही वाचावा, याबद्दलही माझे मन द्विधा आहे. जाणकारांनी आपले मत अवश्य द्यावे.


उत्तर : शहापूरचा जुना वाचक

आपला पहिला प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे उत्तर आपण सांगितलेल्या प्रसंगांतच आहे असे मला वाटते. त्यांतल्या एकाही ठिकाणी निसर्ग पाहण्यासाठी म्हणून आलेला नाही. दुर्गा रानात जाते ती मुख्यतः खायला काही मिळते का हे शोधायला. घरात दोन वेळची भ्रांत असलेल्या त्या मुलीला कुठल्या कुंपणाला कोणते फळ कधी धरते, कोणत्या वेलीखाली काय पडलेले असते आणि कोणाच्या बागेत शिरल्यावर कोण ओरडते, याचा सगळा हिशेब पाठ आहे. कैऱ्यांचा प्रसंग पाहावा. ती अपूला हळूच घरातून तेल आणि मीठ आणायला सांगते, आई पाणवठ्यावरून यायच्या आत सगळे उरकायचे असते, आणि धाकट्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त मागितले की ती कुरकुरत देतेही. वाचकाच्या तोंडाला पाणी सुटते, आणि त्याच क्षणी ही मुले भुकेली आहेत हेही त्याला कळते. लेखक ते वेगळे वाक्य करून सांगत बसत नाही.

आपल्याकडच्या ज्या पिढीने करवंदे, तोरणे, नेर्ली, आळू आणि जांभळे यांवर एप्रिल-मे काढले आहेत, तिला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. खानापूर-चंदगडच्या रानात वाढलेल्या माणसाला बंगालमधली झाडे ओळखता येणार नाहीत, पण झाडाकडे पाहण्याची ती नजर त्याला तात्काळ ओळखू येते. आपल्या वाचकांना ही कादंबरी परकी वाटत नाही याचे एक कारण मी हे मानतो.

अपूचे रान मात्र बहिणीच्या रानाहून वेगळे आहे, आणि लेखकाने हा भेद कादंबरीभर सांभाळला आहे. दुर्गाला रानातून फळ हवे असते, अपूला गोष्ट. आई महाभारत वाचून दाखवते तेव्हा रथाचे चाक रुतलेल्या कर्णासाठी त्याचे डोळे भरून येतात, आणि महाभारतात लढाया फार थोड्या आहेत अशी त्याची तक्रार असते. म्हणून तो काठी घेऊन बांबूच्या बनात जातो आणि उरलेल्या लढाया स्वतःच लढतो. वडिलांच्या पेटीतल्या जुन्या ग्रंथात त्याला सापडते की गिधाडाच्या अंड्यात पारा भरून ते तोंडात धरले की माणसाला आकाशात उडता येते. मग तो गुराख्याकडून ती अंडी मोठ्या खटपटीने मिळवतो, आणि दुर्गाच्या हातून ती नकळत फुटतात. मी हा प्रसंग जितक्या लोकांना वाचून दाखवला आहे, ते सगळे आधी हसले आहेत आणि मग काही वेळ बोललेले नाहीत.

आता पावसाकडे येतो. मला वाटते, या पुस्तकावरचे प्रेम टिकण्याचे खरे कारण इथे आहे. ज्या रानाने या मुलांना पोसले, खेळवले, त्याच रानातल्या पावसाळ्यात दुर्गाला हिवतापाने गाठले. वादळाच्या रात्री मोडक्या घराच्या भिंती पडतात, घरात कर्ता पुरुष नाही, आणि ताप उतरत नाही. लेखक पावसाला दोष देत नाही आणि त्याला पश्चात्तापही करायला लावत नाही. दुर्गा गेल्यावर बांबूचे बन होते तसेच हिरवे राहते, पुढच्या ऋतूत फुले येतात. दुःखी माणसाबरोबर निसर्गाला रडवणारी किंवा त्याच्याकडून माणसाची समजूत काढून घेणारी वर्णने आपल्या साहित्यात उदंड आहेत. विभूतिभूषण हा मोह टाळतात, त्यामुळे त्यांचे रान लहान वयात वाचणाऱ्याला खरे वाटते आणि पन्नाशीत वाचणाऱ्याला तर अधिकच खरे वाटते, कारण तोपर्यंत त्याच्या स्वतःच्या घरातूनही कोणीतरी गेलेले असते आणि दारातले झाड तसेच उभे असते.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. विभूतिभूषणांचा जन्म १८९४ चा. त्यांचे वडील पौरोहित्य आणि पुराणकथन करणारे होते, आणि त्यांचे बालपण बराकपूर या इच्छामती नदीकाठच्या खेड्यात गेले. कादंबरी मात्र त्यांनी गावात बसून लिहिलेली नाही. एका जमीनदारी इस्टेटीच्या नोकरीवर बिहारमधल्या भागलपूरच्या बाजूला असताना त्यांनी ती लिहिली. तिथल्या जंगलाच्या अनुभवातून पुढे त्यांची ‘आरण्यक’ ही कादंबरी १९३९ मध्ये आली, पण ‘पथेर पांचाली’ लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते मागे राहिलेले गाव. दुर्गा पहिल्या लेखनात नव्हतीच, भागलपूरला केस विस्कटलेली एक मुलगी पाहिल्यावर त्यांनी सगळे पुन्हा लिहायला घेतले, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. दूर राहून आठवणीने लिहिलेल्या गावात प्रत्येक झुडूप जागच्या जागी असते. पुणे, मुंबई किंवा गोव्याला नोकरीसाठी गेलेली आपली माणसे गणपतीला गावी येतात तेव्हा बांध आणि पायवाटा ज्या बारकाईने पाहतात, ती बारकाई रोज तिथून जाणाऱ्याकडे क्वचितच असते.

प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन तर आपल्याच मुलखातला मुलगा, आणि त्याच्यावर बेळगावकरांचा जीव का आहे हे निराळे सांगायला नको. अपू आणि लंपन यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण तो विषय स्वतंत्र आहे, म्हणून इथे फक्त उल्लेख करून थांबतो.


उत्तर : निपाणीचा वाचक

वरचे उत्तर मनापासून लिहिलेले आहे आणि पावसाबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही थोडा विरोधी सूर लावतो, कारण अशा चर्चांत या कादंबरीवरचे प्रेम फार निवडक असते असा माझा अनुभव आहे. खानापूरच्या बाईंनी आपल्या मंडळींना आवडलेल्या ज्या जागा सांगितल्या, त्यांत इंदिर ठाकरुण नाही. कादंबरीचा पहिला भाग तर तिच्याभोवतीच फिरतो. कुलीन ब्राह्मणांच्या बहुपत्नीकत्वाच्या प्रथेत लग्न झालेली, नवऱ्याचा सहवास जवळजवळ न मिळालेली आणि म्हातारपणी दूरच्या नात्याच्या आधाराने जगणारी ही बाई दुर्गावर जीव लावते, आणि दुर्गाची आई सर्वजया तिला घासाघासाला बोलून दाखवते. शेवटी आजारी अवस्थेत परतलेल्या त्या म्हातारीला ती घरात घेत नाही. तिच्या मृत्यूबरोबर निश्चिंदिपुरातला जुना काळ संपला, असे लेखक सरळ लिहितो. हे वाचल्यावर मोहोरलेल्या आमराईच्या आठवणीत रमणे मला तरी अवघड जाते.

आमच्या निपाणी भागात तंबाखूच्या वखारींत आणि विडी वळण्यात बायकांच्या पिढ्या गेल्या. त्या घरांतल्या मुली सरपणाला आणि शेणाला रानात जात, आणि त्यांच्यापैकी कोणाला आपण निसर्गाच्या सान्निध्यात वाढत आहोत असे वाटले असेल असे मला वाटत नाही. शहरातल्या सुखवस्तू वाचकाला दारिद्र्य दुरून हिरवे दिसते. ‘पथेर पांचाली’चा यात दोष नाही, दोष असलाच तर तो आपल्या वाचण्यात आहे, आणि काही अंशी चित्रपटाचाही परिणाम आहे. सत्यजित राय यांचा १९५५ चा चित्रपट थोरच आहे, पण तो पाहिलेल्या बहुतेकांच्या मनात कादंबरी म्हणजे काशफुलांचे, म्हणजे उंच गवताच्या तुऱ्यांचे, पांढरे माळ आणि पंडित रविशंकर यांचे संगीत एवढीच उरते.

मला स्वतःला ही कादंबरी प्रिय आहे ती दुर्गामुळे, पण वेगळ्या कारणाने. सगळे जण ही अपूच्या वाढीची कादंबरी म्हणतात आणि ते बरोबरही आहे. मात्र वाढण्याची संधी कोणाला मिळाली हे नीट पाहावे. प्रसन्न गुरुजींच्या पाठशाळेत, जिथे गुरुजी वाण्याचे दुकान चालवता चालवता मुलांना शिकवतात, तिथे अपू जातो; दुर्गा जात नाही. मण्यांच्या माळेच्या चोरीचा आळ आल्यावर मार खाते ती दुर्गा. घरात चांगला घास कोणाच्या ताटात पडतो हेही लेखकाने लपवलेले नाही. रानाची खरी जाणकार ती, भावाला रानात नेणारी ती, आणि तिने दाखवलेल्या त्या रानाच्या बळावर पुढे मनाने मोठा होतो तो अपू. तिच्या वाट्याला पाठशाळा आलीच नाही. रान तेवढे आले, आणि तेही थोडीच वर्षे.

गाव सोडण्याच्या वेळी अपूला घरातल्या एका मडक्यात सोन्याची छोटी डबी सापडते. शेजारणीच्या घरातून नाहीशी झालेली ती डबी दीदीनेच चोरली होती हे त्याला त्या क्षणी कळते, आणि तो कोणाला न सांगता ती बांबूच्या बनात भिरकावून देतो. संपूर्ण कादंबरीत अपू मोठा होतो असा एकच क्षण दाखवा म्हटले तर मी हा दाखवीन. चित्रपटात माळ पाण्यात पडते आणि शेवाळ तिच्यावर मिटते, ते दृश्य अप्रतिम आहे. पण कादंबरीत ती वस्तू त्याच बनात जाते जिथे तो कर्णाची लढाई लढत असे, आणि मला ते अधिक योग्य वाटते.

तेव्हा बाई, मुलांना वाचायला द्यायची तर इंदिर ठाकरुणसकट द्यावी. निवडक प्रसंग दिले तर मुलांच्या हाती आमराई तेवढी येईल.


प्रश्नकर्ती : खानापूरची शिक्षिका

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. इंदिर ठाकरुणचा उल्लेख आमच्या चर्चेत खरोखरच ओझरता झाला, आणि तो एका आजींनी केला. त्या म्हणाल्या, सर्वजयेला वाईट ठरवायला काय लागते, पण घरातला तांदूळ मोजून शिजवणाऱ्या बाईला तिसरे तोंड किती जड होते हे तुम्हाला ठाऊक नाही. त्यावर कोणी काही बोलले नाही आणि विषय पुढे गेला. तो तिथेच थांबवून बोलायला हवे होते असे आता वाटते.

दुर्गा पाठशाळेत जात नाही हा मुद्दा माझ्या वर्गातल्या मुली नक्की विचारतील, आणि त्यांनी विचारावा अशीच माझी इच्छा आहे. वर्णनांच्या लांबीबद्दलची माझी काळजीही थोडी कमी झाली आहे, कारण रानातल्या खाण्याच्या अंगाने सुरुवात केली तर आमच्या भागातली मुले कंटाळणार नाहीत. काशीच्या भागाविषयी मात्र कोणी बोलले नाही. आमच्या मंडळींपैकी बऱ्याच जणांचा सूर असा होता की गाव सुटल्यावर पुस्तकातला जीवच जातो.


उत्तर : लोंढ्याचा प्रवासी

काशीच्या भागाविषयी लिहितो, पण त्याआधी रेल्वेविषयी लिहावे लागेल, कारण माझ्या मते दोन्ही एकच गोष्ट आहे.

चित्रपट पाहिलेल्या माणसाला विचारले तर तो छातीठोकपणे सांगतो की अपू आणि दुर्गा धावत जाऊन आगगाडी पाहतात. कादंबरीत असे घडत नाही. हरवलेले वासरू शोधायला निघालेली ही दोघे रेल्वेचा रस्ता पाहायच्या ओढीने भलतीकडे जातात, चिखलातून आणि काट्यांतून वाट चुकतात आणि गाडी न पाहताच घरी येऊन बोलणी खातात. पुढे अपू वडिलांबरोबर दुसऱ्या गावी जाताना रूळ पाहतो, पण गाडी यायला वेळ असतो आणि वडील थांबायला तयार नसतात. शेवटच्या आजारात दुर्गा भावाला विचारते, मी बरी झाले की मला एकदा रेल्वेगाडी दाखवशील का? ती बरी होत नाही. अपूची आणि आगगाडीची खरी गाठ पडते ती गाव कायमचे सोडताना, आणि डब्यात बसल्यावर त्याला वाटते की आपण दीदीला एकटीला मागे टाकून चाललो आहोत.

मी लोंढ्यात लहानाचा मोठा झालो. कॅसलरॉकहून गोव्याकडे उतरणाऱ्या मार्गावरच्या गाड्यांचा आवाज आम्हाला झोपेतही ओळखू येई, म्हणून रेल्वे न पाहिलेल्या मुलांचे हे वेड मला पहिल्या वाचनात गमतीचे वाटले. नंतर नोकरीनिमित्त त्याच गाड्यांनी बाहेर जावे लागले तेव्हा या कादंबरीची जुळणी लक्षात आली. ज्या वस्तूची ओढ मुलांना गावात असताना लागलेली असते, तीच वस्तू त्यांना गावापासून तोडते, आणि दोघांपैकी एकच तिच्यात बसतो.

म्हणूनच गाव सुटते तिथे पुस्तक मिटू नये. टी. डब्ल्यू. क्लार्क आणि तारापद मुखर्जी यांनी १९६८ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद गाव सोडण्यापाशीच संपतो, रायबाबूंचा चित्रपटही तिथेच संपतो, आणि काशीचे प्रसंग त्यांनी पुढच्या ‘अपराजितो’ या १९५६ च्या चित्रपटात घेतले. त्यामुळे जगभरच्या अनेक वाचक-प्रेक्षकांच्या दृष्टीने ही गोष्ट तिथेच संपली आहे. विभूतिभूषणांनी मात्र ती पुढे नेली. काशीत हरिहर मरतो. सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकीण म्हणून राहते, आणि ज्या घरात आपली जागा चुलीपाशी आहे अशा घरात अपूला दिवस काढावे लागतात. लीला नावाची त्या घरातली मुलगी त्याच्याशी बरोबरीने वागते, एवढाच काय तो ओलावा. या प्रकरणांत झाडे जवळजवळ नाहीत, आणि ती नाहीत हे वाचकाला सतत बोचते. आपल्या मंडळींना पुस्तकातला जीव गेला असे वाटले, ते लेखकाला हवे होते तेच वाटणे आहे. ते सहन न होऊन पुस्तक खाली ठेवणे हा वाचकाचा अधिकार आहे, पण निश्चिंदिपूर अपूसाठी काय होते याची किंमत ज्या पानांवर कळते ती हीच.

शेवटी अपू गावी परत जाण्यासाठी मनोमन तळमळतो आणि मार्गाची देवता त्याला सांगते की रस्ता तुझ्या गावाच्या बांबूच्या बनात संपलेला नाही, तो पुढे गेला आहे. हा शेवट काही वाचकांना फार तात्त्विक वाटतो. मलाही पूर्वी वाटत असे की इथे लेखक थोडा वर उचलून बोलतो. आजही ती दोन परिच्छेदांची भाषा मला बाकीच्या पुस्तकापेक्षा अवघडलेली वाटते. पण आठवी-नववीतली जी मुले दोन-तीन वर्षांत शिकायला बेळगाव, धारवाड किंवा कोल्हापूरला जाणार आहेत, त्यांच्याशी गाव सोडण्याविषयी बोलायला यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.


उत्तर : कडोलीची ग्रंथप्रेमी

चर्चा उत्तम चालली आहे, त्यामुळे मी फक्त वर्गात वाचण्याविषयी लिहिते. आमच्याकडे कडोली, येळ्ळूर, सांबरा अशा गावोगावी दरवर्षी मराठी साहित्य संमेलने होतात आणि शाळकरी मुले त्यांत हौसेने भाग घेतात. परंतु तिथे मुलांकडून कविता म्हणवून घेतल्या जातात तितकी एखादी कादंबरी सलग वाचून घेतली जात नाही. ही उणीव आपण आपल्या वर्गात भरून काढू शकता.

संक्षिप्त आवृत्ती घेण्यात मला गैर वाटत नाही. १९४४ मध्ये निघालेल्या त्या मुलांच्या आवृत्तीची चित्रे काढतानाच राय यांच्या मनात चित्रपटाचे बीज पडले, म्हणजे संक्षेपातही मूळचा जिवंतपणा उरतो याचा पुरावा आहेच. मात्र आठवडाभरात उरकण्याऐवजी जून ते दसरा अशी ती मोठ्याने वाचावी, कारण पुस्तकातले ऋतू आणि खिडकीबाहेरचे ऋतू साधारण जुळून येतात. कैऱ्यांचे प्रकरण शाळा सुरू होताच घ्यावे आणि दुर्गाच्या आजाराचे श्रावण-भाद्रपदात. प्रत्येक बैठकीनंतर मुलांना प्रश्नोत्तरे देऊ नयेत. त्यांच्या घरातल्या आजी-आजोबांना लहानपणी रानात काय काय खायला मिळे आणि त्यासाठी कोणाची बोलणी खावी लागत, हे विचारून लिहून आणायला सांगावे. निपाणीच्या वाचकांची शंका रास्त आहे, आणि अशा लेखनातून हिरवेपणाबरोबर उपासमारही आपोआप वर येईल. आपण सांगितलेल्या त्या आजींना एखाद्या दिवशी वर्गात बोलावून इंदिर ठाकरुणच्या प्रकरणावर बोलते करता आले, तर फारच चांगले.

चित्रपट दाखवायचा झाल्यास पुस्तक पूर्ण वाचून झाल्यावरच दाखवावा. आधी दाखवला तर मुलांच्या मनात दुर्गाचा चेहरा ठरून जातो आणि गाडी पाहिल्याचा प्रसंग तर पुसताच येत नाही. आणि ज्यांना अपू गावी परतावा असे फारच वाटत असेल, अशा मोठ्या वाचकांना १९३२ मध्ये आलेली ‘अपराजित’ ही पुढची कादंबरी सुचवावी. तिच्या अखेरीस अपू आपल्या काजल नावाच्या मुलाला घेऊन निश्चिंदिपूरला जातो आणि त्याला लहानपणच्या राणूदीदीच्या हाती सोपवून स्वतः पुन्हा दूरच्या प्रवासाला निघतो. शाळकरी मुलांसाठी ती अजून लवकर होईल, पण आपल्या महिन्याच्या बैठकीत हिवाळ्यासाठी घ्यायला हरकत नाही.